पहिल्या ओळीतलं नाव

शेलार, भिवंडी
१४ जानेवारी १९९८

चि. माधव,

आशीर्वाद हायेत. किती, ते तुजं तू मोज, तुला आकडे बरे येतात.

पाकिटात तिळगूळ घातलाय. पोस्टातला मानूस म्हनला, "आजी, बंगलोरपर्यंत याचं पीठ व्हईल." म्हनलं, होऊ दे. गुरुजींचं पोर हाय ते, पीठ झालं तरी पाटीवर पसरून अक्षरं गिरवंल.

परवा मंडईत तुजी आई भेटली. म्हनली, माधव दिवाळीत धड जेवला न्हाय, फोनवर पन नुसता हं-हं करतो. मी हळूच इचारलं, "कुनी पोरगी बघितलीय काय?" तर म्हनली, "कसली पोरगी! त्या खुंटीच्या फायलीचा नवा साचा करायचाय म्हनं, तेच्यात अडकलाय." मी तिथंच हसत सुटले. मेथीवाली बघायला लागली.

तू आन् माज्या बाळारामनं मिळून कापडाच्या डिझाईनचा तो प्रोग्राम केला, तेचं नाव खुंटी ठेवलं, तवा मी इचारलं व्हतं, "ह्याच्यावर टोपी टांगायची का रं?" बाळाराम दोन दिस माज्याशी बोलला न्हाय. आता त्याला जाऊन तीन वर्सं झाली. ट्रकनं त्याला नेला त्या काल्हेरच्या रस्त्यानं मी अजून जात न्हाय. ठान्याला जायचं तर कल्यानावरनं जाते, कंडक्टर म्हन्तो, आजी उलट्या का फिरता. मी म्हन्ते, मला हवा खायाची हाय.

त्याचा कॉम्प्युटर राहनाळला हारूनशेठच्या कापडाच्या कारखान्यातच हाय. चिंधू चालवतो. बाळारामच्या हाताखाली शिकलेला, लूम जुळवनारा जोडारी तो, तू बघितलायस. माजी सून, सुचेता, बरी हाय. सकाळी बालवाडी, दुपारी घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरते. तुला नमस्कार लिव म्हनली.

तर साचा म्हंजे काय, आन् तेच्यात तोंड पाडायसारखं काय हाय, ते मला समजंल असं लिही. चौथी पास हाय मी. पन शेलारच्या शाळेची चौथी हाय, हलकी समजू नको.

द्रौपदीमावशी

*

बंगळूर
२ फेब्रुवारी १९९८

मावशी,

नमस्कार. तिळगूळ पोचला. पीठच झालं होतं, चमच्यानं खाल्लं.

तुम्ही लूम पाहिलेत, म्हणून तिथूनच सांगतो. लूमच्या डोक्यावरच्या डॉबीत लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीच्या ज्या भोकात खुंटी ठोकली असेल तिथले धागे वर उचलले जातात, बाकीचे खाली राहतात, आणि त्यातनं काठावरची नक्षी उठते. आमची फाईल म्हणजे तीच माळ कॉम्प्युटरमध्ये लिहिलेली. एक ओळ म्हणजे एक पट्टी. ती कशी लिहायची हे बाळारामनं ठरवलं. त्यालाच साचा म्हणतात.

तो गेल्यावर मी खुंटी इंटरनेटवर उघडी ठेवली. कुणीही फुकट घ्यावी, आत काय आहे ते वाचावं, सुधारावं, आणि सुधारलेली पुन्हा सगळ्यांना द्यावी. आता फिनलंडमधल्या एक मास्तरीणबाई, कॅनडाचे एक म्हातारे विणकर, ब्राझीलची दोन पोरं, असे बरेच जण त्यावर काम करतात. कुणी कुणाला पाहिलेलं नाही. ई-मेलवर भांडतो, ई-मेलवर समेट करतो. त्यांना फाईलमध्ये धाग्यांचे रंगही लिहायचे आहेत. बाळारामच्या साच्यात रंगांना जागाच नाही, कारण राहनाळला रंग शेठ ठरवायचे. लोकांचं म्हणणं रास्त आहे. साचा बदलायला हवा.

अडलंय ते पहिल्या ओळीवर. प्रत्येक फाईलची पहिली ओळ ही खूण असते. प्रोग्राम आधी ती वाचतो. ओळखीची असली तर पुढं जातो, नसली तर "ही फाईल माझी नाही" म्हणून थांबतो. साचा बदलला की खूण बदलायची, म्हणजे जुना प्रोग्राम नवी फाईल चुकूनही उघडत नाही. साधा नियम आहे, सगळे पाळतात.

आणि बाळारामनं ती खूण म्हणून इंग्रजी अक्षरांत "सुचेता" लिहिलंय.

तुमच्यात लग्नात नाव बदलायची पद्धत नव्हती. त्यानं आमच्या ताईच्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नाव लिहिताना पाहिलं आणि स्वतःच्या लग्नात हट्टानं तेच केलं. शेवंताची सुचेता केली. त्याच आठवड्यात आम्ही साचा ठरवत होतो. मी म्हटलं, खूण काय ठेवायची? तो लाजला, आणि टाईप केलं. आज फिनलंडमध्ये शाल विणायला घेतात, तेव्हाही सगळ्यात आधी वहिनींचं नाव वाचलं जातं. वाचणाऱ्यांना वाटतं, भारतातला काहीतरी तांत्रिक शब्द असेल.

ते माझ्या हातानं पुसायचं? दोन वर्षं या ना त्या सबबीवर मी हा बदल पुढं ढकलतोय. लोक वैतागलेत. दोघं सोडून गेले.

वहिनींना यातलं काही सांगू नका. उगाच पुन्हा सगळं वर येईल.

तुमचा
माधव

*

शेलार
२० फेब्रुवारी १९९८

चि. माधव,

तुजं पत्र पाच टायमाला वाचलं. पैल्या टायमाला समजलं न्हाय, दुसऱ्या टायमाला हसले, मंगच्या तीन टायमाला काय केलं ते सांगत न्हाय.

आता बघ, माजी सून फिनलंडला जाऊन आली, कॅनडाला जाऊन आली, आन् मी सासू असून अजून डोंबिवली बघितली न्हाय. आन् तो बाळ्या! पोटातून काढला मी, न्हाऊ घातला मी, आन् नाव लिवलं बायकोचं. त्याचा बाप पन तसाच व्हता. मी जत्रंत हातावर नाव गोंदून घे म्हनलं, तर मेल्यानं मोर गोंदून घेतला.

आता हसत न्हाय. नीट वाच.

ते नाव काढ. नवा साचा कर, नवी खूण घाल, आन् तिचं नाव नव्या फायलीवर ठेवू नको. का ते इचारू नको. मला ठाऊक हाय तुला वाईट वाटंल. मला न्हाय वाटनार असं समजू नको. पन काढ.

सुचेताला सांगितलं न्हाय. तू सांगू नको म्हनलास म्हनून न्हाय, माजं माजं कारन हाय.

चिंधू इचारतो, माधवशेठ एखादी नवीन किनार पाठवतील का, दिवाळीच्या मालाला. त्यानं तुला शेठ केलंय. मान दे त्याच्या शब्दाला.

द्रौपदीमावशी

*

बंगळूर
६ सप्टेंबर १९९८

मावशी,

नमस्कार. उत्तराला फार उशीर झाला. साच्याच्या कामात बुडालो होतो.

नवा साचा गेल्या महिन्यात जाहीर झाला. आता प्रत्येक ओळीत आधी रंगाचे आकडे, मग खुंट्या. मास्तरीणबाईंनी त्यातनं काढलेल्या शालीचा फोटो पाठवला, निळ्यावर पांढरी हरणं. सगळे खूश आहेत. सोडून गेलेल्यांपैकी एकजण परतही आला.

तुमचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. माझ्यावरचं ओझं उतरावं म्हणून तुम्ही तसं लिहिलंत, हे न कळण्याइतका मी लहान नाही. पहिल्या ओळीचं मी माझ्या परीनं पाहिलंय. तुम्ही त्याची काळजी सोडा.

सोबत चिंधूसाठी फ्लॉपी आहे. तिच्यात नवा प्रोग्राम आणि एक किनार, वेलीवर पोपट. ब्राझीलच्या पोरांनी आणि मी मिळून केली. दिवाळीच्या मालाला चालेल. आधी नवा प्रोग्राम चढवायचा, मग किनार उघडायची, एवढं त्याला सांगा.

तुमचा
माधव

*

शेलार
२९ ऑक्टोबर १९९८

माधव,

चिंधूला शेठनं काढून टाकला.

तुज्या फ्लॉपीवरचा नवा प्रोग्राम बाळारामच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढंना. मेमरी कमी पडती म्हनं. चिंधूनं दोन रोज खटपट केली. मंग म्हनला, जुन्या प्रोग्रामात उघडून तर बघू, न्हाय उघडलं तर राहिलं. उघडलं. वर सुचेता दिसलं. बाळारामनं त्याला शिकवलं व्हतं, "वर वहिनीचं नाव दिसलं की फाईल आपली, डोळे मिटून खुंट्या ठोक." त्यानं ठोकल्या.

पोपट आले न्हाईत. कायतरी चिखल उडाल्यासारखं आलं, एकाआड एक. चिंधूला वाटलं बंगलोरची फॅशन हाय. नवीन किनार, कुनी आधी बघितलेली न्हाय, इचारनार कोनाला? सारे लूम तेच्यावर लावले. माल सुरतेच्या व्यापाऱ्यानं परत पाठवला, ऐन दिवाळीत. शेठ सगळ्यांसमोर ओरडला, "अंधा है क्या? इसको तोता बोलते हैं?" चिंधूनं तुजं नाव घेतलं न्हाय. बाळारामचं पन घेतलं न्हाय. मान खाली घालून चावी ठेवली आन् निघाला.

आता तुला जे सांगितलं न्हवतं ते सांगते.

सुचेताचं मी चिंधूशी ठरवलं व्हतं. त्याची पैली बाळंतपनात गेली, मूलबी गेलं. माज्या घरी येतो-जातो, मान वर करून बघत न्हाय, ही कांड्यांची टोपली उचलायला लागली तर आधी धावतो. वर्सभर मी बघत व्हते. ती एकोनतीस वर्साची हाय, माधव. मी तिला किती दिस माज्या जेवनाची सोबत म्हनून ठेवू? तुला सांगायला जीभ रेटली न्हाय. तू बाळारामचा मैतर, तुला वाटंल, मावशीनं लेकाला पुसून टाकला. म्हनून नुसतं लिवलं, नाव काढ. तिला दुसऱ्या घरी जायचं व्हतं, आन् तिचं नाव बाळारामच्या हातचं, साऱ्या जगात फिरतंय. चिंधूनं रोज सकाळी कामाला बसावं आन् आपल्या बायकोचं पैलं लगीन वाचावं का?

आता तिचा भाऊ महादू पडघ्यावरनं येऊन गेला. वट्यावर बसून म्हनला, लगीन मोडा. काय कारन? तर म्हनं, हिचा पायगुनच वाईट. पैला ट्रकखाली गेला, दुसऱ्याची लगनाआधीच नोकरी गेली. हे तिला ऐकू जाईल असं बोलला. ती आत कांड्या भरत व्हती. चरख्याचा आवाज थांबला न्हाय, पन मला कळलं ना, रिकामी कांडी फिरत व्हती.

तू लिवलं व्हतंस, खूण बदलली की जुना प्रोग्राम नवी फाईल उघडत न्हाय. मंग ही कशी उघडली? मला समजंल असं लिही.

द्रौपदी

*

बंगळूर
५ नोव्हेंबर १९९८

मावशी,

मी खूण बदलली नव्हती.

साचा बदलला, पहिली ओळ तशीच ठेवली. फिनलंडच्या बाईंनी विचारलं होतं, ही ओळ का बदलत नाही, नियमाला धरून नाही हे. मी त्यांना सांगितलं, नव्या प्रोग्रामात पुढं वेगळी तपासणी आहे, चालेल. नव्या प्रोग्रामात चालतंच. जुना प्रोग्राम आता कोण वापरतो, असं मी लिहिलं. राहनाळ मला आठवलं नाही. ज्या एका ठिकाणी बाळारामचाच प्रोग्राम, बाळारामच्याच कॉम्प्युटरवर चालतो, तेच मला आठवलं नाही.

जुन्या प्रोग्रामानं वर ओळखीचं नाव पाहिलं आणि रंगांचे आकडे खुंट्या समजून वाचले. त्याचा चिखल झाला. खूण बदलली असती तर तो पहिल्याच ओळीवर थांबला असता, चिंधूनं मला पत्र टाकलं असतं, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. चिंधूची यात काडीची चूक नाही. त्यानं त्या नावावर विश्वास ठेवला, बस.

तुम्ही काढ म्हणालात, आणि मी ठरवलं की तुम्ही मोठ्या मनानं म्हणताय. तुम्हाला खरंच तसं हवं असेल हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही. बाळारामची आठवण मी राखतोय, असं मला वाटत होतं. राखली, आणि तिच्या पायी वहिनींचं घर मोडायला आलं.

हारूनशेठना मी वेगळं पत्र लिहितोय. महादूलाही लिहितो. पण पत्रानं होण्यासारखं हे राहिलेलं नाही. रजा मिळाली की येतो.

वहिनींपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू, ते तुम्हीच सांगा.

माधव

*

शेलार
१४ नोव्हेंबर १९९८

माधवभावजी,

नमस्कार. आईंनी तुमची सगळी पत्रं मला वाचायला दिली. आधी देत नव्हत्या. मी म्हटलं, माझ्याबद्दल आहेत तर मला द्या. मग दिली.

तुम्ही दोघांनी माझ्यापासून लपवलंत, पण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी मला कारखान्यात नेलं आणि स्क्रीनवर दाखवलं. म्हणाले, वाच. मला इंग्रजी अक्षरं तेव्हा लवकर लागत नव्हती, एकेक लावून वाचलं. लूम सगळे चालू होते, त्यामुळं मी काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नाही. तुम्हालाही सांगत नाही.

आता माझं ऐका. नाव ठेवायचं म्हणून तुम्ही ठरवलंत. नाव काढायचं म्हणून आईंनी ठरवलं. पायगुण वाईट म्हणून दादानं ठरवलं. मला कुणी विचारलं नाही. चिंधूनं विचारलं होतं. गेल्या वर्षी, टोपली उचलताना, "वहिनी, रोज सकाळी नाव दिसतं, तुम्हाला राग येतो का?" मी म्हटलं, नाही. तेवढंच बोलणं झालं होतं आमचं तेव्हा.

जुन्या फाइलींवर माझं नाव आहे ते राहू द्या. त्या त्यांनी लिहिल्या आहेत. तुमच्या नव्या प्रोग्रामाला त्या उघडता येऊ देत. पण तुम्ही आणि तुमचे लोक आता जे लिहाल त्यावर माझं नाव घालू नका. ते नाव त्यांनी मला दिलं होतं, तुम्हाला सांभाळायला दिलं नव्हतं.

माझ्यापुढं उभं राहायला वेगळं तोंड कशाला लागतं? हेच घेऊन या. पण आधी शेठकडे जा. माझी माफी मागून चिंधूला काम मिळणार नाही.

सुचेता

*

बंगळूर
२४ नोव्हेंबर १९९८

मावशी आणि वहिनी,

वहिनींनी लिहिलं तसंच केलंय. नव्या साच्याची पहिली ओळ आता फक्त "खुंटी दोन" अशी आहे. जुना प्रोग्राम ती पाहिली की थांबतो आणि सांगतो, ही फाईल मला कळत नाही. नवा प्रोग्राम बाळारामच्या फाइली उघडतो, त्यांत काही बदलत नाही.

सगळ्यांना ई-मेल लिहिलं: चूक माझी होती, मी ती खूण भावनेपोटी ठेवली, आणि भिवंडीजवळ एका माणसाचं काम त्यामुळं गेलं. ते नाव कुणाचं होतं तेही लिहिलं. पहिलं उत्तर कॅनडाच्या म्हाताऱ्यांचं आलं, एका ओळीचं: त्या माणसाला काम परत मिळालं का?

दहा डिसेंबरला सकाळी राहनाळला पोचतो. शेठना कळवलंय. चिंधूला तिथं घेऊन या.

माधव

*

शेलार
२१ फेब्रुवारी १९९९

चि. माधव,

आशीर्वाद. ह्या खेपेला जास्तीचे.

तू आलास त्या दिवशी शेठ तुज्या तोंडावर काय बोलला ते तुला ठाऊक हाय. तू त्याला कॉम्प्युटरपुढं बसवून आधी बिघडलेली फाईल उघडून दावलीस, मंग दुरुस्त केलेली घातलीस आन् मशीन अडून बसली, तवा तो म्हनला, "यही पहले करना था ना, भाई." तुजे कान असे लाल झाले व्हते, मला वाटलं आता पोर रडतं. मी तोंडाला पदर लावला. रडायला न्हाय, हसायला. आता सांगून टाकते.

पन तू रिक्षात बसल्यावर काय झालं ते तुला ठाऊक न्हाय. शेठ चिंधूजवळ गेला आन् म्हनला, "तूने मेरे को बोला क्यों नहीं कि फाईल माधव की है?" चिंधू म्हनला, "सेठ, ऊपर बाळारामभाई का निशान था." शेठनं चावी काढून त्याच्या हातात दिली. "कल से आ," म्हनला. माफी-बिफी कायबी न्हाय. पन दुसऱ्या दिशी चिंधू गेला तवा कॉम्प्युटरवरची धूळ कुनीतरी पुसलेली व्हती.

महादू तरी ऐकंना. नोकरी आली म्हंजे पायगुन गेला असं न्हाय म्हनला. मी म्हनलं, "महादू, पायगुन बघायचा तर माजा बघ. नवरा गेला, लेक गेला. तरी गावातल्या बाया अजून माज्याच दारात ईरजन मागायला येतात, आन् त्यांचं दही लागतं." तो चहा पिऊन गेला. लगनाला आला, बायकोला घेऊन आला.

इधवेचा पाट रात्री लावतात आमच्यात, तुला ठाऊक असंल. अंधारात, गुपचूप, सवाष्नींनी बघायचं न्हाय म्हनून. मी म्हनलं, माजी पोर चोरी करून चालली न्हाय. सकाळी दहाला लावला, अंगनात, उन्हात. आधी दोघीच आल्या. मंग कुंपनावरनं बघत व्हत्या त्या पन आल्या. शेजारची ठकुबाई सवाष्न असून पैली आत आली, म्हनली, "माजा म्हातारा मला बघून इतकी वर्सं जगला, पाट बघून काय मरतोय!"

लगीन लावनाऱ्यानं इचारलं, मुलीचं नाव काय ठेवायचं. त्याला कुनीतरी सांगितलं असंल, ह्या घरात नाव बदलतात. चिंधू म्हनला, "तिचं नाव तिला इचारा." तिनं सांगितलं, "शेवंता." तिच्या बापानं ठेवलेलं. तांदूळ मागवले न्हाईत, अंगठी काढली न्हाय. ताटात नुसते अक्षतांचे व्हते, ते लोकांनी डोक्यावर टाकले.

हे झालं तवर मी बरी व्हते. थट्टा करत व्हते सगळ्यांची. चिंधूच्या नव्या सदऱ्याला म्हनलं, ह्याच्यावर पोपट का न्हाईत? तो पन हसला.

निघायची वेळ झाली. ती दोघं अंगनाच्या टोकाला गेली, तिची पेटी महादूनं उचलली. माज्याकडं पाठ व्हती तिची. मला तिला एकदा बघायचं व्हतं. मी हाक मारली, "शेवंते!"

ती वळली न्हाय. सात वर्सं ह्या दारातनं त्या नावानं कुनी तिला हाक मारलीच न्हाय, तिला कशी कळावी? चिंधू वळला, महादू वळला, ती तशीच चालत राहिली.

दुसरं नाव माज्या जिभंवर आलं व्हतं, माधव. बाळाराम गेल्यापासनं मी तिला त्याच नावानं हाक मारून रोज दोन घास जेवले. ते उच्चारलं असतं तर ती जागच्या जागी थांबली असती, मला ठाऊक हाय.

मी ते गिळलं. आन् पुन्हा हाक मारली, "शेवंते, अगं ए शेवंते!" जरा मोठ्यानं.

तवा वळली.

द्रौपदीमावशी